सुभेदारांचा आकडा

सायकलवाल्यांकडं किस्से का साठतात, सांगू? चढाला बोलता येत नाही. दम लागलेला असतो. मग चढ संपला, की पहिल्या टपरीवर सगळं एकदम बाहेर पडतं! आमच्या रहिमतपूरच्या ग्रुपकडं असे पोतंभर किस्से आहेत. पण हल्ली कुठलाही काढा, तो फिरून सुभेदारांवरच येतो, आणि चहा गार होतो. तरी सांगते.

* * *

आधी आमचा नियम. सकाळी जाग आली, की अंथरुणातच नाडी मोजायची आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. सायकल मारून मारून हृदय तगडं झालं, की ते कमी ठोक्यांत काम भागवतं. म्हणून ज्याचा आकडा कमी, तो जास्त फिट. हे आम्हाला आमच्यातल्या डॉक्टरांनी शिकवलं. डॉक्टर दातांचे आहेत, हे आम्ही मनावर घेतलं नाही!

सगळ्यात कमी आकडा ज्याचा, तो त्या दिवशी पुढं. सगळ्यात जास्त ज्याचा, त्यानं सगळ्यांच्या चाकांत हवा भरायची. हवा कायम गुरव सरांनी भरली. हायस्कूलला गणित शिकवतात, पोट हँडलला टेकतं. एकदा पंप आपटून ओरडले, "आवं, ह्या पंपानंच माझी नाडी वाढतीया!"

* * *

पुढं कायम सुभेदार. फौजेतून रिटायर होऊन ऊस बघणारा माणूस, साठी उलटलेली. बर्फातल्या ड्युटीनं त्यांची बोटं बधिर झाली होती, स्वतःची नाडी लागायची नाही. म्हणून रोज पहाटे त्यांची बायको, आमच्या आक्का, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मनगट धरून मोजायच्या.

गुरव सरांना संशय. "अंपायर घरचाच असल्यावर आऊट कोण देणार?" हे आक्कांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी बाई सरळ टपरीवर हजर! सरांचं मनगट धरलं, मिनिटभर मोजलं आणि सोडून दिलं.

"ही नाडी न्हाई सर, मळणी मशीन हाय!"

सरांनी गपगुमान पंप उचलला.

* * *

मग सुभेदारांचा आकडा उतरायला लागला. पन्नासचा पंचेचाळीस, मग चाळीस, मग त्याच्याही खाली. आम्ही रोज टाळ्यांची चित्रं पाठवत होतो. डॉक्टरांनी तर ट्रॉफ्यांची रांगच लावली!

शेवटी आम्ही औंधला यमाईच्या पायऱ्यांखाली त्यांचा सत्कारच केला. शाल, नारळ, सगळं रीतसर. शाल घेऊन उठताना सुभेदार जरा कलंडले, खांबाला धरून थांबले. गुरव सर म्हणाले, "आनंदानं झालं!" आम्ही हसलो. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत.

* * *

जतच्या राइडला ते पडले. सरळ रस्ता, ना दगड ना कुत्रं. दोन्ही बाजूंना नुसती ज्वारीची रानं. पाण्याच्या टँकरवाल्यानं गाडी थांबवून आमच्या ओंजळींत पाणी ओतलं, ते तोंडावर मारलं, तेव्हा कुठं त्यांनी डोळे उघडले.

"रस्ता हालला गड्या," ते सरांना म्हणाले.

गाडीनं परत आणून साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं हृदयाच्या डॉक्टर होत्या, वयानं लहानच. त्यांनी विचारलं, नाडी अशी कधीपासून? आमच्या डॉक्टरांनी मोठ्या तोऱ्यात ग्रुप उघडून दाखवला. बाई वर वर सरकवत वाचत गेल्या.

"हा फिटनेस नाही, हार्ट ब्लॉक आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्याला पोचत नाहीये. आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?"

आमचे डॉक्टर बाहेर जाऊन पायरीवर बसले. मला तर तोंड कुठं लपवावं कळेना.

* * *

पेसमेकर बसवायचं ठरलं. सुभेदार म्हणाले, न्हाई!

मशीन साठाखाली ठोके जाऊ देणार नाही, हे त्यांना कळलं होतं. मला म्हणाले, "साठ? डॉक्टरांचा सत्तावन्न येतुया. म्हंजी मी मागनं चालू व्हय, बाई? त्यापेक्षा हाय तेवढं बास."

जीव जाईल म्हटलं तरी ऐकेनात. फौजी माणूस, त्याला मरणाची भीती कुठं घालणार? आक्कांनी मला जिन्यात गाठलं. नाकावर पदर, आवाज मात्र खणखणीत.

"बाई, साठाच्या खाली ग्रुपवर कुणी यायचं न्हाई. खोटं लिवा, काय बी लिवा. माझा माणूस मला पायजे हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डॉक्टरांनी "माझा बिघडला, त्रेसष्ट" असं लिहिलं. त्याच दुपारी सुभेदारांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

* * *

पुढचे काही महिने आम्ही सगळे रोज सकाळी खोटं बोललो. खरा आकडा बघायचा आणि वर चढवून टाकायचा! सुभेदार साठावर पहिले. पुढं राहून मागं वळून ओरडायचे, "लय ढेपाळलासा रं सगळी!"

एकदा डॉक्टर झोपेत खरा आकडा टाकून बसले, छप्पन्न. लगेच आक्कांचा फोन, "पुसा आदी!" डॉक्टरांनी पुसला, पासष्ट लिहिला, आणि त्या दिवशी कुणी न सांगता सगळ्यांच्या चाकांत हवा भरली.

सुभेदारांना कळलं होतं का, देव जाणे. मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं कुणाला?

* * *

हृदयानं दगा दिलाच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्हाला आत बोलावलं. आक्का, गुरव सर, डॉक्टर आणि मी. त्याच लहान वयाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि मान हलवली.

आक्का मॉनिटरच्या पडद्याकडं बघत होत्या. तिथं एकेक उभी रेघ उमटत होती, शिस्तीत.

"चालू हाय की ते!"

"ते मशीन आहे, आक्का," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "ते हाक मारतंय. हृदय ओ देत नाही."

"कितीनं मारतंय?"

"साठ."

आक्का आमच्याकडं वळल्या.

"उजाडलंय न्हवं? मंग टाका ग्रुपवर. पयला त्येंचा लिवा."

गुरव सरांनी लिहिला. मग भिंतीला टेकून स्वतःची नाडी मोजली. डॉक्टरांनी मोजली. मी दोनदा मोजली.

सुभेदार साठ. डॉक्टर एकशे चार. मी एकशे दहा. गुरव सर एकशे अठरा.

आक्कांनी सरांच्या हातातनं फोन घेतला आणि एकेक ओळ वाचली.

"आज खरं लिवलंसा," त्या म्हणाल्या.