बेल्ट ओरडत होता तोवर

आमची गाडी सतरा वर्षांची. सकाळी चालू केली की इंजिनचा बेल्ट असा किंचाळायचा की वारज्याच्या आमच्या सोसायटीत कुणाला गजर लावावा लागत नसे. एकदा सूचनाफलकावर कागद लागला, "आपले वाहन आजारी असल्यास दवाखान्यात न्यावे. इतरांस आजारी पाडू नये." सही नव्हती, पण तळमजल्यावरच्या काकांचं अक्षर मी ओळखतो. मी खाली लिहिलं, "सूचना वाचली. काळजीबद्दल आभार." तेव्हा घरात आजारपण नव्हतं, म्हणून असली मस्ती सुचायची.

सोसायटीचं मला काही वाटत नव्हतं. लाज वाटली ती लोणी काळभोरला, बायकोच्या माहेरी. मेव्हण्याच्या नातवाचं बारसं होतं. आम्ही गल्लीत वळलो आणि मेव्हणा भर मांडवात ओरडला, "दाजी, गाडी आणली का पिपाणी?" सगळा मांडव हसला. सगळ्यात जास्त बायको हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मी मात्र मनात गाठ मारली, आता या गावात यायचं ते आवाज बंद करूनच.

असल्या गाठी मी फार नेमानं पाळतो.

पुढच्या वर्षी बायकोला कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी केमो. दहा-बारा दिवस ती अंथरुणाला खिळलेली असायची आणि मग आठवडाभर माणसात यायची. चहाला चव लागायची, माझ्यावर खेकसायची, बरं वाटायचं. चौथ्या केमोनंतरच्या अशाच एका बऱ्या सोमवारी ती म्हणाली, "अहो, आईला भेटायचंय. एकदा नेऊन आणा ना."

तिची आई नव्वदीची, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, कंबरेतून वाकलेली. ती काही पुण्याला येऊ शकत नव्हती. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, मास्क लावून खुशाल न्या. स्वारगेटचा आणि हडपसरचा खोळंबा धरला तरी दोन तासांची वाट. मी म्हणालो, "नेतो की. आधी तो बेल्ट बघतो."

लगेच बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून बेल्टवर बाटलीतलं थोडं पाणी टाकलं. आवाज क्षणभर थांबला. मी खूश! बेल्टच घसरतोय, रोग सापडला. दुपारी नाना पेठेत जाऊन नवा बेल्ट बसवून आलो. येताना गाडी गप्प होती. मंगळवारी सकाळी चावी फिरवली आणि पुन्हा तीच बोंब.

पुन्हा नाना पेठ. तिथले चाचा जुने मिस्त्री, त्यांचे वडीलही तिथंच काम करायचे. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेल्टच्या एका चाकाच्या बोल्टवर टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली, मग माझ्या हातात दिला. "ऐका साहेब." आत खरखर, वाळू दळल्यासारखी. "बेल्टला ताणून धरणारी पुली आहे ना, तिचं बेअरिंग गेलंय. बेल्ट बिचारा फुकट बदनाम झाला."

नवी पुली समोरच्या दुकानात होती. किंमत ऐकून मी विचारलं, "सोन्याची आहे का?"

दुकानदार मान वर न करता म्हणाला, "सोन्याची लक्ष्मी रोडला मिळेल."

पैसे नव्हते असं नाही. पेन्शन येते. पण चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, हा आमचा खानदानी बाणा. तीच पुली जुन्या गाडीची निघालेली पाव किमतीत मिळते, हे मला ठाऊक होतं. चाचा म्हणाले, "शनिवारपर्यंत चांगलीशी बघून ठेवतो. तोवर बिनधास्त चालवा. आठवडाभर गाडीला काही होत नाही, फक्त ओरडेल."

फक्त ओरडेल. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

घरी आलो तर बायको सोफ्यावर तयार बसलेली. टोपीखाली नसलेले केस, आणि मांडीवर पिशवी. पिशवीत आईसाठी मऊ सुती लुगडं आणि दात नाहीत म्हणून नानकटाई. मी सगळं सांगितलं.

"मग आवाजासकट चला ना."

"म्हणजे गावभर पिपाणी वाजवत जाऊ?"

"टॅक्सी करू या."

"घरची गाडी असताना? चारच दिवस तर आहेत. शनिवारी पुली, रविवारी लोणी."

ती म्हणाली, "रविवारी माझ्या अंगात जोर असेल का, ते विचारलंत का चाचांना?"

"तुझं आपलं काहीतरीच," मी म्हणालो. तिनं उठून पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली.

शनिवारी पुली मिळाली. त्यातही घासाघीस करून पैसे कमी केले. गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. हूं की चूं नाही. मी तिथूनच फोन लावला, "झालं गं! उद्या निघायचं!" ती म्हणाली, "बरं झालं. लवकर या, मला थंडी वाजतेय."

ताप होता. संध्याकाळी ॲडमिट केलं. इन्फेक्शन शरीरभर पसरलं होतं. नवव्या दिवशी ती गेली. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण लहानपणी आम्हाला पाठ करायला लावली होती. मी पाठ केली होती.

तेरावं झाल्यावर खुंटीवरची पिशवी घेतली आणि लोणीला निघालो. गाडी इतकी गप्प की शेजारच्या सीटवर पिशवी सरकली तरी ऐकू येत होतं. गल्लीत वळलो. कुणी बाहेर आलं नाही. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी पायाला हात लावला तेव्हा त्या दचकल्या.

"कोन?"

"मी, वारज्याहून."

"जावईबापू? कशानं आलात?"

"गाडीनं."

"आवाज न्हाई आला."

"दुरुस्त केली."

मेव्हणा आतून येऊन दारात उभा राहिला. मी पिशवी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी लुगडं बाहेर काढून बोटांनी चाचपलं, तोंडाजवळ नेलं.

"फोनवर म्हनली हुती, आये, वळनावर पिपाणी वाजली की समज मी आले. चार दिस म्या हितंच बसून हुते." मग माझ्या दिशेला तोंड करून त्यांनी विचारलं, "वाजली असती तर काय झालं असतं, बापू?"

मी मेव्हण्याकडे बघितलं. तो खाली मान घालून रडत होता. सासूबाई अजून उत्तराची वाट बघत होत्या.