पेडल दाबूनही न थांबलेला आवाज

हात्सुएने नवऱ्याशी अबोला धरला होता, आणि तोकुजीच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. बहिऱ्या माणसाशी अबोला धरण्यात हाच तोटा. वेळेवर वाडग्यात भात पडला की त्याला घर सुरळीत चाललंय असंच वाटतं.

पण 'बहिरा' हा शब्द त्या घरात काढायचा नाही. का? कारण आकागी डोंगराच्या पायथ्याला तोकुजीचं जे गॅरेज होतं, ते चालायचंच मुळी त्याच्या कानावर. जुन्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन लोक लांबून लांबून यायचे. बॉनेटला कान लावून आजार सांगतो म्हणे! सांगायचा, यात खोटं काही नाही. पुढे त्याचा डावा कान गेला, मग उजव्यात सारखी शूं शूं सुरू झाली, आणि गेल्या काही वर्षांत समोरच्याच्या ओठांकडे बघून काय ते समजायचं, एवढंच उरलं. बोर्ड मात्र तोच, नाव तेच. कान तेवढा बदलला होता, आणि तो होता हात्सुएचा.

या बाईचा कान माहेरचा. तिच्या घरी रेशमाचे किडे पाळायचे. माडीवर तुतीचा पाला घातला की हजारो किडे कुरतडायला लागत आणि घरभर पाऊस पडल्यासारखा आवाज भरून राही. कुठल्या पाटीतले किडे आजारले आहेत हे लहानपणी ती जिन्याखाली बसून सांगायची. इंजिनातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण एका आवाजाच्या पोटात दुसरा लपला असेल तर तो तिच्या हातून सुटायचा नाही.

त्यांची युक्ती चहाची होती. गाडी आत आली की हात्सुए ट्रे घेऊन बाहेर यायची, गाडीला वळसा घालून गिऱ्हाइकापुढे चहा ठेवायची, आणि जाता जाता नवऱ्याच्या समोर वाकून, ओठ ठळक हलवत, जेवणाचं विचारल्यासारखं, सांगायची, "खुळखुळ. मधून. पेडल दाबलं की बंद." तोकुजी मान हलवायचा, फडक्याला हात पुसायचा आणि गिऱ्हाइकाला आजाराचं नाव सांगायचा. लोक वाहवा करायचे. बायकोला कधी एका शब्दाने "बरं झालं तू आहेस" म्हणाला असेल तर शपथ!

अबोल्याचं कारण साधंच होतं. हात्सुएने कानाच्या यंत्राचं एक माहितीपत्रक आणून त्याच्या वाडग्याशेजारी ठेवलं. तोकुजीने ते वाचलं, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

"माझ्या कामाच्या जागेत आजपासून तुझं पाऊल नको," तो म्हणाला. "काउंटर सांभाळ."

"सांभाळते," ती म्हणाली. मनात म्हणाली, बघूच आता किती दिवस चालतंय ते.

शनिवारी सकाळी हिराओका आला. हा लाकडाच्या वखारीचा मालक आणि जुन्या गाड्यांच्या क्लबाचा पुढारी. तोकुजीची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्या शब्दावर येत. त्याची पांढरी दोन दारांची गाडी शेजारी बसलेल्या त्याच्या मुलीपेक्षा वयाने मोठी होती. मुलीचं नाव चिगुसा. मांडीवर भाताच्या मुटक्यांचा डबा घेऊन ती बसली होती. दोघं डोंगरावरच्या तळ्याकाठी क्लबाच्या मेळाव्याला निघाले होते.

"उस्ताद, उभी राहिली की खडखडते हो!" हिराओका उतरत म्हणाला. "सिग्नलला बाजूचे लोक काच खाली करून बघतात. चालताना हूं की चूं नाही."

तोकुजी त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होता. मग तो ड्रायव्हरच्या जागी बसला. इंजिन चालूच होतं, गिअर न्यूट्रलमध्ये. त्याने तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला. हाताला थरथर लागली. क्लचचं पेडल दाबलं, थरथर गेली. सोडलं, परत आली.

"बघा, गेली की नाही? वसंतात हलकं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं चाक, बसवलंय ना आपण. जड चाक इंजिनाचे हिसके पोटात घालतं, हलकं घालत नाही. ते थेट गिअरबॉक्सच्या दातांपर्यंत जातात आणि दात वाजतात. पेडल दाबलं की संबंध तुटला, आवाज बंद. या गाडीचा स्वभावच आहे तो. निर्धास्त जा."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि घात तिथेच होता. काउंटरमागे, अर्ध्या उघड्या काचेआड हात्सुए उभी होती. पेडल दाबलं तेव्हा खुळखुळ थांबल्याचं तिनेही ऐकलं. पण ती थांबली म्हणून तिच्याखालचा दुसरा आवाज उघडा पडला. कट्. कट्-कट्. मग काहीच नाही, मग पुन्हा कट्. कोरडा, ताल नसलेला. पेडलाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

तिला काय वाटलं ते सरळच सांगतो. तिला बरं वाटलं. आपटू दे एकदा तोंडावर! चार दिवसांनी हिराओका तक्रार घेऊन येईल, मग येईल हा पाय ओढत काउंटरपाशी. ती मूग गिळून पावत्यांचा गठ्ठा नीट करत राहिली.

"वहिनी, आज चहा नाही वाटतं?" हिराओकाने बाहेरून विचारलं.

"आज मला मनाई आहे."

"अरे बापरे, म्हणजे भांडण! मग मी सटकतो बुवा. दोन दगडांच्या मधे बोट घालणारा मी नव्हे." हसतच तो गाडीत बसला.

गाडी मागे सरकली, वळली. आणि ते कट्-कट् पुन्हा ऐकता ऐकता हात्सुएला एकदम आठवलं. हा आवाज तिने आधी ऐकला होता. फार वर्षांपूर्वी एक टेम्पोवाला असाच आवाज घेऊन आला होता आणि घाई आहे म्हणून तसाच निघून गेला होता. दोन दिवसांनी तो टेम्पो ओढून आणला. फ्लायव्हील सुटून भोवतीचं लोखंडी घर फोडून बाहेर आलं होतं. ड्रायव्हरचा पाय घोट्यापासून गेला. आत पेडलांपाशी पडलेले रक्ताचे डाग तिनेच पाणी टाकून धुतले होते.

ती फाटकाकडे बघत राहिली. रस्त्यावरून एक ट्रक चालला होता, म्हणून गाडी अडली होती. बाहेर जाऊन बोललं तर हिराओका विचारणार, उस्तादाला कसं नाही कळलं? मग सगळंच बाहेर. क्लब गेला, गिऱ्हाइकं गेली, आणि नवरा? हातातला पाना काढून घेतला तर त्या माणसात उरतं काय? न बोललं तर पुढे घाट आहे. चिगुसाने बूट काढून पाय लांब केले होते, पार पुढे, जिथे ते चाक फिरत होतं त्याच्या बाजूला. ट्रक निघून गेला.

हात्सुए घरातल्या सपातांवर धावली. एक सपात वाटेत राहिली. तिने दोन्ही तळहात बॉनेटवर आपटले.

"बंद करा! इंजिन बंद करा आधी!"

हिराओकाने घाबरून चावी फिरवली. मागून तोकुजी लगबगीने आला. "काय झालं? काही राहिलं का त्यांचं?"

"अहो, आत वाजतंय! पेडल दाबलं तरी वाजतंय!"

"काय?"

"वाजतंय आत!"

"नीट सांग, काय विसरले?"

"तुम्हाला ऐकू येत नाही!" हात्सुए जिवाच्या आकांताने ओरडली. "वर्षं झाली, तुम्हाला ऐकू येत नाही!"

समोरच्या भाजीवालीचा हात मुळ्याच्या जुडीवर थांबला. बायको काय म्हणाली ते तोकुजीला नेमकं कळलं नसावं. त्याने हिराओकाकडे पाहिलं, आणि तिथे मात्र त्याला सगळं वाचता आलं.

"उस्ताद," हिराओका हळू म्हणाला, "पोरीला घेऊन घाटात चाललो होतो मी."

तोकुजीने हात पुढे केला. "चावी द्या."

चिगुसा बसने घरी गेली. हिराओका मात्र हलला नाही. गाडी लिफ्टवर चढली, गिअरबॉक्स खाली आला, क्लच निघाला. तो स्टुलावर बसून सगळं बघत होता. पिण्यासाठी काही हवं का, हेही कुणी कुणाला विचारलं नाही. हात्सुए दारात, सिमेंटच्या कडेबाहेर उभी होती. आत यायचा धीर तिला झाला नाही.

फ्लायव्हीलचे बोल्ट तोकुजीला पान्याने काढावेच लागले नाहीत. बोटांनी फिरत होते. एकाचं डोकं तर बोट लागताच तुटून त्याच्या तळहातावर पडलं.

त्याने ते मुठीत धरलं. बोल्ट ठरलेल्या जोरापर्यंत आवळला गेला की मोजणीचा पाना कट् करतो, तेव्हा थांबायचं असतं. वसंतात त्याला ते कट् ऐकू आलं नव्हतं. जास्त आवळून बोल्ट तुटेल या भीतीने त्याने अंदाजाने हात आधीच आवरला होता. प्रत्येक बोल्टला. बायकोला बोलावणं त्याच्या जिवावर आलं होतं.

त्याने टोपी काढली आणि हिराओकासमोर कमरेत वाकला. "हे माझ्या हातचं काम आहे. दुसऱ्या कुणाचं नाही."

हिराओका उठला. त्याचा चेहरा उतरला होता. "क्लबात मी हे सांगणार, उस्ताद. आपली इतक्या वर्षांची ओळख आहे, पण लपवणार नाही. सगळे लेकुरवाळे आहेत."

"सांगा. सांगायलाच पाहिजे."

"गाडी उद्या माणूस पाठवून उचलून नेतो." दारातून जाताना तो हात्सुएसमोर थांबला, खूप खाली वाकला, आणि पायी निघून गेला.

दोघंच उरले. आता हा भडकणार, चारचौघांत अब्रू काढलीस म्हणणार, अशी हात्सुएने मनाची तयारी केली. आठवडाभर घोकलेली उत्तरं तिच्या जिभेवर होती. माहितीपत्रकाचं, टेबलाच्या पायाचं, एवढ्या वर्षांच्या चहाचं.

तोकुजी तिच्यासमोर आला. त्याच्या मुठीत ते तुटलेलं डोकं होतं.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही पहिल्यांदा पेडल दाबलंत तेव्हाच."

तो तिच्या ओठांकडे बघत होता, त्यामुळे एवढं त्याला समजलं. "तेव्हाच? म्हणजे मी निर्धास्त जा म्हणालो, ते हसले, गाडीत बसले, फाटकापर्यंत गेले, आणि तू..."

तिने मान खाली घातली.

"बहिरा मी आहे, हात्सुए. तू कशाला मुकी झालीस?"



"राग आला होता मला," ती जमिनीकडे बघत पुटपुटली.

मान खाली असल्याने त्याला तिचे ओठ दिसले नाहीत. "काय म्हणालीस?" त्याने विचारलं. तिला मान वर करून, त्याच्या डोळ्यांत बघून, तेच पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.