विडीला हात न लावलेली मावशी

मावशीच्या नवऱ्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा चौसाळ्यात कुणाला नवल वाटलं नाही. काकांच्या ओठांत दिवसभर विडी असे. ते गेले, आणि मावशी दुःखापेक्षा रागानंच बोलायची, "सोताच्या हातानं गेला माणूस."

कितीतरी वर्षांनी खोकला मावशीलाच लागला. आधी टीबीची औषधं झाली. गुण येईना, अंग वाळत चाललं, तेव्हा मी तिला संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं कळलं, काकांचाच आजार.

"मावशी, विडी ओढायच्या का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कधीच न्हाई."

"मग स्वयंपाक कशावर?"

"चुलीवरच," मावशी म्हणाली. मला ऊसतोडीची कोपी दिसायला लागली. लहानपणी एक हंगाम मी तिच्याबरोबर राहिले होते. उसाच्या वाळल्या पानांची, पाचटाची ती बुटकी झोपडी, आत चूल, चुलीत पाचटच. पहाटे निळसर धूर वर जाऊन टेकायचा आणि सावकाश खाली उतरायचा. मावशीचं तोंड त्यात हरवून जायचं. दिसायचे ते फक्त भाकरी थापणारे हात. मी गोधडीतून बघत राही. वाटायचं, मावशी ढगात बसलीय. दाराशी काका विडी ओढत बसलेले. त्यांचा धूरही तरंगत आत यायचा आणि कुठला कोणता ते कळेनासं व्हायचं.

"चूल असेल, घरातल्या विड्या असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधीकधी कारण सापडतही नाही. पूर्वी हा आजार विडीवाल्या पुरुषांचा समजायचे. आता विडीला हात न लावलेल्या बायकाही येतात माझ्याकडं."

परतताना एसटीत मावशी खिडकीबाहेर बघत होती. बीड मागं पडल्यावर म्हणाली, "लई बोलले मी त्यान्ला. मेल्यावर बी सोडलं न्हाई. मग मला कशानं झालं गं?"

मी तिचा हात धरून बसले.

फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासल्यावर तिला रोजची एक गोळी सुरू झाली. ती लागू पडली. आजार गेला नाही, थांबलाय, असं सांगतात. खोकला मात्र कमी झाला, आणि ती पुन्हा अंगणात बसून शेंगा फोडू लागली.

यंदा दिवाळीनंतर लेक-सून तोडीला निघाले, तेव्हा तिनं घरातली छोटी गॅसशेगडी स्वतः ट्रॅक्टरमध्ये चढवली.

सून म्हणाली, "आत्याबाई, पाचट तिथं पडलेलंच असतंय की."

"पडू दे. चूल मांडलीस तर बाहीर मांड. कोपीत पेटवायची न्हाई."

"थंडीत बाहेर?"

"थंडीत बी."

सुनेनं मान डोलावली. ट्रॅक्टर हायवेला लागला. मावशी तोंडाला पदर लावून धुळीत उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "त्यान्ला बी विडी घेऊन बाहीर बसवायला पायजे होतं."