गच्चीवर गेलेलं ऊन

तासगावहून निघताना मी पिशवीत दोन किलो बेदाणे भरले, कारण लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जाणं आमच्याकडे शोभत नाही. मग "आई, इथे सगळं मिळतं, काही आणू नकोस" असं तिने फोनवर बजावलं, म्हणून आणखी एक किलो भरले. दिवाळी नुकतीच झाली होती. बसने मला सकाळी हायवेवर वसई फाट्याला उतरवलं आणि तिथून मी रिक्षा केली.

"नायगाव कुठलं? जुनं की नवीन?" रिक्षावाल्याने विचारलं.

आता नायगावं दोन असतात हे मला काय ठाऊक! "उंच इमारती आहेत तिथं," मी म्हटलं.

"मग नवीन," तो म्हणाला आणि दोन टँकरच्या मधून रिक्षा अशी काही काढली की मी डोळेच मिटले.

सायलीचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. फाटकावर माझा फोटो काढला, मोबाइलवरून लेकीची परवानगी घेतली आणि मगच आत सोडलं. स्वतःच्या पोटच्या पोरीकडे जायला परवानगी लागल्याचा मला जरा रागच आला. पण वर गेल्यावर बाल्कनीतून जे दिसलं त्याने तो उतरला. एका बाजूला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेल्या इमारती, खाली फाटकाशी पाण्याच्या टँकरांची रांग. आणि आमच्या कुंपणाच्या अगदी पलीकडे हिरवीगार वाडी (घराभोवतीची बागायत) होती. नारळ, केळी, पानवेली, एक कौलारू घर, आणि त्यामागे चर्चचा पांढरा मनोरा.

"ती जागापण जाणार आहे म्हणे लवकरच," सायली चहा देताना म्हणाली. लेक आणि जावई दोघंही नोकरीला. घराचे हप्ते, ऑफिस, प्रवास. तिला खाली बघायला वेळ नव्हता. मला भरपूर होता.

दुसऱ्या दिवशी मी वाडी बघायला निघाले. चौदा मजले उतरायला मिनिट लागलं नाही, पण कुंपणाला त्या बाजूने दार नसल्याने वळसा घालायला बराच वेळ गेला. अंगणात साठीच्या आसपासची एक बाई बांबूच्या चटया ओढत होती. चटयांवर सोललेली केळी ओळीने मांडलेली. दोन हात सरकवायची, वर बघायची, पुन्हा सरकवायची. मी थोडा वेळ बघत राहिले आणि मग न राहवून विचारलं, "ताई, हे काय चाललंय?"

"ऊन पकडते," ती म्हणाली.

ती रेजिनाबाय. मला बसायला पाट दिला, विहिरीचं पाणी दिलं. हाक मारणाऱ्या शेजारणीशी ती आपल्या घरच्या बोलीत बोलली, त्यातलं मला निम्मंही कळलं नाही. माझ्याशी मात्र बाजारातल्या मराठीत बोलली. ही सुकेळी (राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली) तिच्या सासूच्या आधीपासून या अंगणात होत आलेली. थंडीतल्या कोरड्या उन्हात आठवडाभर रोज मांडायची, दव पडायच्या आत उचलून कापडात गुंडाळून ठेवायची. तिसऱ्या दिवसापासून मधासारखा रस सुटतो. ऊन एक दिवस जरी तुटलं तरी माल आंबतो.

"आनि आता?" तिने हात वर केला. तिच्या वाडीच्या दक्षिणेला आमची इमारत उभी होती. थंडीत सूर्य तिकडूनच कलत जातो. सकाळचं जेमतेम ऊन अंगणात पडत होतं, मग इमारतीची सावली यायची आणि संध्याकाळपर्यंत हलायची नाही. ती सावली ओळखीची होती. आदल्या दिवशी बाल्कनीतून मी तिच्याकडे बघत "काय गारवा आहे" असं म्हटलं होतं.

"म्हणजे टॉवरने वाट लावली तुमची," मी म्हटलं.

"तसं सरसकट नको बोलू," ती म्हणाली. "टॉवर आले म्हनून माझी भाजी, फुलं दारात खपतात. शेजारच्या दोघी तिथंच घरकामाला जातात. चूल पेटते त्यांची. खोटं कशाला बोलायचं? पन ऊन गेलं ते गेलं."

गेल्या वर्षी अर्धा माल फुकट गेला होता. तिचा मुलगा आल्विन परदेशात असतो. त्याचं म्हणणं, वाडी बिल्डरला देऊन टाक आणि त्याच जागेवरच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेऊन सुखाने राहा. नवरा गेल्यापासून ती एकटीच राबत होती, तेव्हा पोराचंही चुकत नव्हतं. दोघांचं ठरलं होतं: यंदाचा हंगाम बघायचा. सुकेळी नीट उतरली तर वाडी राहील. नाही उतरली, तर नाताळाला तो आला की सही. घरात मागे पिकत घातलेले लोंगर (केळ्यांचे घड) तिने मला दाखवले. आठवड्याभरात ते सोलायला येणार होते आणि खरा माल तोच होता.

आता आम्ही तासगावची माणसं. द्राक्षं वाळवण्यात आमचा हात कोण धरणार? मी लगेच सल्ला दिला. बेदाणा आम्ही सावलीतच करतो, शेडमध्ये जाळ्यांवर, नुसत्या वाऱ्यावर. केळ्यांना काय धाड भरलीय? रेजिनाबायने दोन फण्या माझ्या पदरात घातल्या. "कर," म्हणाली.

मी सायलीच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना जाळी बांधली, केळी सोलून पसरली, वर टेबलफॅन लावला. तिसऱ्या दिवशी घरभर दारूच्या गुत्त्यासारखा वास सुटला. चिलटांनी जावयाच्या चहाचा ताबा घेतला. जावई बिचारे सज्जन, चहा न घेताच ऑफिसला जाऊ लागले. सायली मात्र कडाडली, "आई, हे घर आहे, तुझी शेड नाही!" मी गुपचूप सगळं पिशवीत भरून खाली टाकायला निघाले.

पण लिफ्ट खाली जायच्या ऐवजी वर गेली. कुणीतरी वरून बोलावली असणार. दार उघडलं तर समोर पाण्याच्या टाक्या बघणारा माणूस उभा, आणि त्याच्यामागे गच्चीचं उघडं दार. मी बाहेर पाऊल टाकलं आणि थबकलेच. अख्खी मोकळी गच्ची, वारा, आणि ऊन! पायाला चटका बसावा असं कोरडं, स्वच्छ ऊन. दोन टाक्या आणि कबुतरं सोडली तर तिथे कुणाचाही वावर नव्हता. रेजिनाबायच्या अंगणातलं ऊन इथे येऊन बसलं होतं.

"गच्ची नेहमी बंदच असते," तो माणूस म्हणाला. "राहणाऱ्यांनापण अलाउड नाही."

संध्याकाळी मी सायलीला सांगितलं, केळी वाळवायला रेजिनाबायला गच्ची मिळवून देऊ. तिने कपाळाला हात लावला. "आई, तू चार दिवसांनी जाशील. मला इथे राहायचंय. सोसायटीत आम्ही नवीन आहोत. उगाच डोळ्यावर कशाला यायचं?" तिचंही खरं होतं. पै-पै करून घेतलेलं घर, आणि आईने येऊन भांडण लावायचं. पण मला बाल्कनीत उभं राहवेना. खाली बघितलं की दुपार झालेली असायची आणि चटया सावलीत. मी म्हटलं, "तू नको बोलूस. फक्त सोसायटीच्या बैठकीत विषय मांड. पुढचं रेजिनाबाय स्वतःच बोलेल."

मध्ये एक दिवस रेजिनाबाय मला माणिकपूरला घेऊन गेली. माशा बसू नयेत म्हणून झाकायला मच्छरदाणीचं कापड हवं होतं. अजून गच्ची मिळालेली नव्हती. "आधी कापड घेऊ, मग विचारू," तिचा हिशेब असा. रिक्षा स्टँडपासून बाजाराच्या टोकापर्यंत तिला थांबवून विचारणारे भेटत होते. एका शिक्षिकेने तर हातच धरला, "बाय, नाताळाला सुकेळी देशील ना? माझ्या बहिणीला पाठवायचीत." रेजिनाबाय प्रत्येकाला "देते" म्हणत होती. मी मनात म्हटलं, हिची छाती मोठी आहे. मग एका बेकरीत तिने मला गरम पाव आणि ऑम्लेट खाऊ घातलं. तिखट होतं, पण पाव इतका मऊ की मी दुसरा मागून घेतला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक होती. लिकेज, पार्किंग, टँकरचं पाणी कमी येतं, असे विषय झाले. सायलीने उठून अडखळत विषय मांडला आणि रेजिनाबाय दारातून आत आली. ठेवणीतली फुलांची साडी, केसात अबोली. अध्यक्ष सावंत म्हणून कुडाळकडचे निवृत्त गृहस्थ होते. आवाज मऊ, पण नियमांना पक्के.

"मावशी, तुमची अडचण समजते. आमच्याकडे गावाला आमसुलं, फणसाची साठं उन्हातच घालतात. पण टेरेस कॉमन आहे. बाहेरच्या माणसाला धंद्यासाठी देता येत नाही."

"ऊन पन कॉमनच होतं ना, भाऊ?" रेजिनाबाय म्हणाली. आवाज चढला नाही. "मी तुमचं काय मागत नाय. माझ्या अंगनातलं वर गेलंय, तेवढं वापरू द्या."

मग मागून एकजण म्हणाला, "आज केळी, उद्या लोक पापड घेऊन येतील."

"येऊ देत की!" पुढच्या रांगेतल्या एक आजी फणकाऱ्याने वळल्या. "मलाच वाळवायचेत. फ्लॅट घेताना गच्चीचे पैसे मोजलेत आम्ही, आणि दार एकदाही उघडं बघितलं नाही."

मग जो गलका झाला! कुणाला कुरडया आठवल्या, कुणाला गाद्या. मुंग्या, गळती, अनोळखी माणसं, असेही मुद्दे आले आणि ते सगळेच काही खोटे नव्हते. सायली पुन्हा उठली. या वेळी ती अडखळली नाही. "जबाबदारी माझी. काही घाण झाली तर मी साफ करेन," ती म्हणाली. मला तिच्याकडे बघून भरून आलं.

शेवटी सावंतांनी निर्णय दिला: यंदाच्या हंगामापुरती परवानगी. पुढच्या वर्षीचं आत्ता काही सांगता येणार नाही. आणि येणं-जाणं सर्व्हिस लिफ्टने.

सगळे उठायला लागले, पण रेजिनाबाय जागची हलली नाही. "त्या लिफ्टमधनं कचरा खाली नेता ना?"

"हो, म्हणजे... कामवाल्या बायका, कचरा, सामान."

"मग खायची वस्तू त्यातनं नाय नेनार मी. लोकांच्या नाताळाच्या ताटात जाते ती."

मिळालेलं घालवून बसते की काय म्हणून मी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला. सावंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ठीक आहे. मोठ्या लिफ्टने या. फक्त ऑफिसची गर्दी व्हायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चटया, टोपल्या आणि ते कापड घेऊन वर गेलो. रेजिनाबाय पहिल्यांदाच एवढ्या उंच आली होती. कठड्याशी जाऊन तिने खाली बघितलं. "माझं घर कुठाय?" मी दाखवलं. तिला दिसेना. पुन्हा दाखवलं. नारळांच्या झावळ्यांत कौलांचा एक तुकडा होता, बाकी सगळी वाडी सावलीत.

"इथनं बघितलं तर आमी दिसतच नाय," ती म्हणाली. "म्हनून कुनाला कळलं नसेल."

मला वाईट वाटलं, आणि संतापही आला, पण कुणावर ते ठरवता येईना. इमारत बांधणाऱ्यावर म्हणावं तर माझीच लेक त्यात राहते. इथल्या विकासाचं मला हेच दिसलं. ज्याला मिळालं तो काही चोर नसतो. पण ज्याचं गेलं त्याला आपलंच मागायला साडी नेसून बैठकीत यावं लागतं. रेजिनाबायला असा विचार करत बसायला सवड नव्हती. ती केव्हाच चटया अंथरायला लागली होती.

पुढचे दिवस मी तिच्यासोबत गच्चीवरच काढले. केळी आधी मऊ पडली, मग आकसली, मग त्यांना तांबूस झळाळी आली आणि रस सुटला. पापडवाल्या आजींनी एक कोपरा धरला. सावंत रोज "पाहणीला" यायचे आणि एक सुकेळं तोंडात टाकून जायचे. निघायच्या दिवशी रेजिनाबायने केळीच्या सुक्या पानात बांधलेला सुकेळीचा पुडा माझ्या हातात दिला. बाहेरून चिवट, आत मधासारखी गोड. तासगावात मी ती चार घरांत वाटली आणि आमचा बेदाणा त्यापुढे फिका पडला, हे मी इथे लिहिते पण गावात कबूल करणार नाही.

नाताळ झाल्यावर मी धास्तावतच तिला फोन लावला. माल सगळा खपला होता. आणि आल्विन?

"आलेला. सही नाय केली," ती म्हणाली. "दोन दिवस माझ्यासंगं वाडीत केळीचे नवीन कोंब लावले त्याने. हात सोलले पोराचे."

मला आनंद झाला, पण माझ्या स्वभावाला औषध नाही. मी विचारलंच, "अगं, पण गच्ची यंदापुरतीच दिलीय ना? पुढच्या वर्षी नाही म्हणाले तर?"

"केळ यायला वर्ष जातं, ताई," ती म्हणाली. "तोवर मी कितींदा वर जाऊन विचारीन!"