शेवटच्या कडव्यातलं नाव

तुमच्या परदेशातल्या घरी आपल्या भागातली हळदीची गाणी वाजतात, असं तुमच्या आईनं कळवलं. आनंद झाला. ती कोणी केली, हे तुम्हाला कळायला हरकत नाही. आमच्या तालुक्याला परवा-परवापर्यंत ठाऊक नव्हतं. पण तालुक्याला घाई कसलीच नसते.

आता ती हळदीला म्हणतात, पण जोडली माझ्या शेजारणीनं. धानाची रोवणी करताना, चिखलात वाकून, मागे मागे सरकत. बायका ओळ उचलायच्या, आणि शेवटच्या कडव्यात उखाण्यासारखं तिच्या नवऱ्याचं नाव यायचं. एरवी ते तोंडातून काढायचं नाही, गाण्यात मात्र मिरवायचं, अशी आमची रीत. विद्वान मंडळी अभंग वाचून मोठी झालेली. अभंगात शेवटी ज्याचं नाव, तो कवी. त्या न्यायानं तिचा नवरा महाकवी ठरला. हा गृहस्थ यमकाच्या जवळ एकदाच गेला होता, मंगलाष्टकांच्या वेळी, तेही अंतरपाटाआड उभा राहून.

गेल्या हिवाळ्यात चंद्रपुरातल्या एका मंडळानं त्याचा सत्कार ठरवला. पत्रिकेवर ठळक अक्षरांत 'लोककवी'. शेजारीण कुंपणापाशी आली.

"बाई, शाल त्याईले द्या, नारळ त्याईले द्या. माही गानी काऊन देऊन राह्यले?"

"मंडळाला सांगा ना," मी म्हटलं.

"सांगतलं जी. ते मन्ते, वहिनी, तुमचीबी ओटी भरू."

गावातल्या बायकांसोबत आम्ही टेम्पोनं गेलो. अध्यक्ष कवीच्या रानातल्या एकाकी साधनेवर पुष्कळ बोलले. रोवणीला एकाकी कोणी नसतं, बांधीत, म्हणजे धानाच्या पाणी भरल्या वाफ्यात, डझनभर बायका असतात. पण भाषणात गर्दी शोभत नाही. कवी शाल सावरत घामाघूम झाले होते. मग निवेदिकेनं त्यांच्यापुढे माइक धरला. ही गाणी आपल्याला सुचली कशी?

"मले नाई सुचली जी. सारी हिनं जोडली. मी वावराच्या धुऱ्यावर बसून बिडी पेत होतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय हा विनय!" म्हणून अध्यक्षांनी चष्मा पुसला. माणसानं माइकवर, स्वच्छ शब्दांत, साक्षीदारांसमोर खरं सांगितलं, आणि त्याची कीर्ती आणखी वाढली. इतकं इंग्रजी शिकले मी, पण यावर उपाय कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

शेजारीण उठली. चिखलात उतरताना खोचतात तसा पदर खोचून मंचावर गेली. ओटी घ्यायला आली असं वाटून निवेदिकेनं खण-नारळ पुढे केले. ते तिनं नवऱ्याच्या मांडीवर ठेवले, माइक घेतला आणि त्याच चालीत नवं कडवं म्हटलं. शेवटी, नवऱ्याच्या नावाच्या जागी, स्वतःचं नाव. मागच्या रांगेतल्या बायकांनी बांधीत उचलतात तशी ओळ उचलली. नवराही गायला, अगदी बेसूर.

"वहिनींनाही थोडंफार जमतं हं," अध्यक्ष म्हणाले.

"थोडंफार नाई जी, सारंच. बसा अन् आयका."

आणि तिनं पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. प्रत्येक गाण्याच्या शेवटी तिचंच नाव. अध्यक्ष बसले. बाहेर मंडळाचं जेवण गार होत राहिलं. कोणी उठलं नाही.