काटेसाहेबांनी निवडलेलं मासिक

काटेसाहेबांना पस्तीस वर्षं पगार मिळाला तो दुसऱ्यांच्या तराजूंवर संशय घेण्याबद्दल. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदारांचे चेहरे उतरायचे आणि तराजूंचे काटे मात्र आपोआप सरळ व्हायचे. त्या काट्यांवरूनच लोक त्यांना काटेसाहेब म्हणू लागले. हे नाव इतकं चिकटलं की निरोपसमारंभात खुद्द वरिष्ठांनी भाषणात तेच वापरलं आणि खरं आडनाव आठवेना म्हणून तसंच रेटून नेलं. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही.

खात्याच्या दोन सवयी त्यांच्या अंगात भिनल्या होत्या. पहिली अशी, की कुठलाही नमुना तपासल्याशिवाय नापास करायचा नाही, मग तो दुकानदार कितीही बेरकी दिसो. दुसरी अशी, की काट्यावर दिसलेला आकडा मोठ्यानं वाचायचा आणि जोडीदारानं तो ऐकून लिहायचा. मनातल्या मनात वाचलेलं खात्यात धरतच नसत. त्यामुळे निवृत्तीनंतरही साहेब औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, विजेचं बिल, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, सगळं खणखणीत आवाजात वाचत. त्यांची बायको म्हणायची, "अहो, मलाही डोळे आहेत." मग तीही बोलत सुटायची. त्या घरात दोन माणसं राहतात असं जिन्यातल्या कुणाला वाटलं नसतं, चार-पाच तरी असतील असंच वाटे.

स्वयंपाकघर मात्र बाईंचं होतं. तिथे वजन नाही, माप नाही, सगळा अंदाजाचा कारभार. एकदा साहेब हौसेनं खुणा केलेलं काचेचं मापपात्र घेऊन आत गेले होते, तर बाईंनी त्यांना त्या पात्रासकट बाहेर काढलं. इथे तुमचा कायदा चालत नाही, असं स्पष्ट सांगितलं. साहेबांच्या मनाला ते लागलं, पण तक्रार कशाची करणार? अंदाज एकदाही चुकला नव्हता.

आणि मग तीन महिन्यांपूर्वी बाईंना अर्धांगाचा झटका आला. पाय वाचला. उजवा हात अर्धा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळं गेलं. "हो", "नको" आणि "असू दे", एवढेच शब्द शिल्लक राहिले. डॉक्टर म्हणाले, शब्द आत जिथल्या तिथे आहेत, फक्त बाहेर यायची वाट बुजली आहे, त्यांना बोलतं करा. आठवड्यातून दोनदा एक शिक्षिका येई आणि चित्रांची कार्डं दाखवी. कप दाखवून विचारी, हे काय? उभा जन्म स्वयंपाकघरात गेलेल्या बाईला कप म्हणजे काय ते विचारणं! बाई भिंतीकडे तोंड फिरवत. शिक्षिका बिचारी मनापासून शिकवी, पण तिचाही नाइलाज होता.

जेवण कोपऱ्यावरच्या खानावळीतून येई. दोन घास झाले की "असू दे" होई. बाईंचे कपडे अंगावर ढिले पडायला लागले. साहेब रोज तेच बघत आणि रोज नजर चुकवत.

लेक दूरच्या शहरात शाळेची मुख्याध्यापिका होती आणि घरीही मुख्याध्यापिकाच होती. तिनं आपल्या घराजवळ आजारी माणसांसाठी एक निवास शोधला. शिकलेल्या परिचारिका, वेळेवर जेवण, रोज वाचेचे व्यायाम. साहेबांना तिथे राहता येणार नव्हतं, भेटायला येता येणार होतं. फोनवर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला साधं अंडं उकडता येत नाही. आईला तुमच्या भरवशावर कशी ठेवू?"

अंडं साहेबांनी खरोखरच कधी उकडलं नव्हतं. त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. शेवटच्या रविवारी मी येते आणि आईला घेऊन जाते, असं लेकीनं सांगितलं. चाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिला भेटायला वेळ ठरवून जायचं, ही कल्पनाच साहेबांना सहन होईना.

स्वयंपाक शिकायचा तर पुस्तक आणावं, असं शेजारच्या शिंपीणबाईंनी सुचवलं. साहेबांना ते पटलं नाही. पुस्तक एकदा छापलं की छापणारा मोकळा, मासिकवाल्याला मात्र दर महिन्याला तोंड दाखवावं लागतं, असा त्यांचा हिशोब. चौकातल्या पेपरवालीकडे स्वयंपाकाची तीन मासिकं मिळत. तिन्हींचा एकेक अंक त्यांनी घेतला. तपासून जे पास होईल त्याची वर्गणी भरायची असं ठरवून टाकलं.

पहिलं मासिक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. फोटो असे की पान चाटावंसं वाटावं. पण सगळी मापं कपात दिलेली. कुठला कप? साहेबांनी घरातले सातही कप ओट्यावर मांडले आणि पाणी भरून मोजले. लहानात लहान आणि मोठ्यात मोठा यांत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. मासिक त्याच जागी नापास झालं.

दुसरं मासिक हातात घेतलं आणि साहेबांना गहिवरून आलं. ग्रॅम, मिलिलिटर, मिनिटं, एवढंच काय, पातेल्याचा व्यासही दिलेला. असा माणूस जगात आहे आणि आपली ओळख नाही, याची त्यांना खंत वाटली. मापपात्र सन्मानानं स्वयंपाकघरात परतलं. साहेबांनी अंडं उकडलं, भात केला, भोपळ्याचं सूप केलं, आणि सगळं फोटोत होतं तसंच झालं. आठवडाभर एकही पदार्थ बिघडला नाही. बाई टेबलाशी बसत, निमूट चार चमचे खात आणि म्हणत, "असू दे."

साहेब तपासणारे होते, फसवणारे नव्हते. स्वतःलाही नाही. अन्न बरोबर होतं आणि बाई खात नव्हत्या. मुदतीतला निम्मा काळ संपला होता. दुसऱ्या मासिकाचा वर्गणीचा अर्ज त्यांनी जड हातानं भरायला घेतला, आणि तेवढ्यात आठवलं की तिसऱ्याची तपासणी राहिलीच आहे.

तिसरं मासिक पातळ, पिवळट कागदाचं, शाई बोटाला लागणारं. वाचक पाठवतील ते तसंच छापायचं, असा एकंदर खाक्या दिसत होता. साहेबांनी ते नुसतं चाळलं तरी कपाळावर आठ्या पडल्या. "पुरेसं मीठ." "थोडा वेळ शिजवा." "हवं तेवढं पाणी." एका पाककृतीत तर बटाटे शेवटी वाढायचे होते, पण ते आत कधी टाकायचे ते सांगायचं राहूनच गेलं होतं. असल्या मासिकाला नोकरीत असताना त्यांनी टाळं ठोकलं असतं. पण नियम तो नियम. त्यांनी बाईंना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, ओट्याशी उभे राहिले आणि टोमॅटोच्या सुपाची कृती सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचू लागले.

"टोमॅटो मऊ शिजले की त्यातच गार दूध ओता, आणि मोठ्या आचेवर खळखळ उकळा."

मागून आवाज आला, "फुटेल."

साहेबांना आधी वाटलं, रस्त्यावरून कुणीतरी बोललं. ते वळले. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या तीन महिन्यांत न दिसलेली गोष्ट होती, ती म्हणजे राग.

"काय म्हणालीस?"

"दूध," बाई म्हणाल्या. मग ओठ जुळवत, शब्द ओढून काढावा तसा काढत म्हणाल्या, "फुटेल."

आता कुणी दुसरा असता तर त्यानं मासिक फेकून बायकोला मिठी मारली असती. साहेब म्हणाले, "पण इथे छापलंय." तो खोडसाळपणा नव्हता. छापील मजकुरावर त्यांचा खरोखरच विश्वास होता.

"छापू दे," बाई म्हणाल्या. "फुटेल."

साहेबांनी तपासणी पुढे चालू ठेवली. दूध ओतलं, आच मोठी केली. बाई खुर्चीतून उठल्या, भिंत धरत ओट्यापर्यंत आल्या आणि पातेल्यात डोकावून उभ्या राहिल्या. दूध फुटलं. चांगलं गुठळ्या-गुठळ्यांनी फुटलं. बाईंनी आधी पातेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मग त्या हसायला लागल्या. तोंडाची उजवी बाजू हसण्यात सामील होत नव्हती, पण डाव्या बाजूनं दोन्हींचं काम केलं. साहेब पातेलं मोरीत ओतायला निघाले तर बाईंनी हात धरला, टेबलाशी जाऊन बसल्या आणि ते फुटकं सूप वाटीभर खाल्लं. आपलं म्हणणं खरं झालेलं माणसाला किती गोड लागतं, ते साहेबांना तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच अंकातली पुलावाची कृती वाचायला घेतली. त्यात तांदूळ शिजेपर्यंत सारखा ढवळायला सांगितला होता. "लगदा," बाई म्हणाल्या. मग कुणीतरी गाजरं तासभर उकळायला सांगितली होती. त्यावर बाईंनी "बावळट" हा शब्द बाहेर काढला, आणि इतका स्वच्छ काढला की साहेबांनी त्यांच्याकडून तो तीनदा म्हणवून घेतला. आठवड्याअखेरीस दोन-दोन शब्द जोडून येऊ लागले. कांदा आधी. झाकण ठेवा. आच कमी, आच कमी. साहेब मासिकाची कृती वाचत, बाई ती मोडीत काढत, आणि मग त्या सांगतील तसं साहेब करत. केलेलं सगळं बाईंच्या मालकीचं असल्यामुळे टाकायचा प्रश्नच नव्हता. कधी मीठ जास्त पडे. तेव्हा बाई साहेबांकडे तसं बघत, जसं पूर्वी ते दुकानदारांकडे बघत असावेत.

शिक्षिका आली तेव्हा बाईंनी तिला आपण होऊन सांगितलं, "आज वांगं. भाजलं." शिक्षिका खुर्चीच्या टोकावर बसली. कुठला व्यायाम चालू केलात, असं तिनं साहेबांना विचारलं. साहेबांनी मासिक पुढे केलं. तिनं दोन पानं वाचली आणि म्हणाली, हे भयंकर आहे, असंच चालू ठेवा. कार्डं त्या दिवशी तिच्या पिशवीतून बाहेर आलीच नाहीत.

याच दरम्यान साहेबांच्या हातून एक चूक होता होता राहिली. सवयच ती. एका दुपारी त्यांनी त्या मासिकाच्या संपादकांना उद्देशून एक पत्र लिहून काढलं, अंकातल्या सतरा चुका पानाच्या क्रमांकासह दाखवून दिल्या, आणि पुढील अंकापासून दक्षता घ्यावी अशी ताकीदही दिली. पाकीट चिकटवताना त्यांच्या अंगावर काटा आला. यांनी खरंच दक्षता घेतली तर? त्यांनी पत्राचे बारीक तुकडे केले आणि तडक चौक गाठला.

पेपरवालीनं त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की, साहेब, ते दुसरं घ्या, याचे अंक गठ्ठ्यानं परत जातात. साहेबांनी ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "हे लोक सुधारण्याचा काही संभव आहे का?"

पेपरवाली म्हणाली, "वीस वर्षं विकतेय साहेब. काही आशा नाही."

साहेबांनी समाधानानं वर्गणीचे अर्ज मागून घेतले. दोन होते, एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा. पण भरला मात्र एकही नाही. बाई घरातच राहणार नसतील तर मासिक कुणाला वाचून दाखवायचं? रविवार चार दिवसांवर आला होता. फोनवर ते लेकीला म्हणाले होते की आई बोलतेय, पण बाई फोन कानाला लावला की गप्प होत. लेकीला वाटलं, बाबा मनाची समजूत घालून घेतायत. तिनं खोली नक्की करून टाकली होती.

रविवारी लेक आली, रिकामी बॅग घेऊन. आईला जवळ घेतलं, तिच्या दंडाला हात लावून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावरचं मुख्याध्यापिकापण जरासं सैल झालं, कारण दंड आधीपेक्षा भरला होता. तरी ती ठरवून आली होती. तिघं टेबलाशी बसल्यावर तिनं शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं. निवास, बाग, परिचारिका. साहेबांनी मान खाली घातली. बायकोच्या वतीनं बोलायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. चूक की बरोबर, ते ज्याचं त्यानं सांगायला हवं.

बाईंनी डावा हात टेबलावर ठेवला. बराच वेळ काहीच आलं नाही. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. लेक मदतीला शब्द पुरवायला गेली, तर साहेबांनी तिला हातानं थांबवलं.

"मी इथंच राहणार," बाई म्हणाल्या. एकेक शब्द सुटा, पण जागच्या जागी. मग नवऱ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "यांना अजून काही येत नाही."

तीन महिन्यांतलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. लेक आधी हसली आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ज्या कारणासाठी ती आईला न्यायला आली होती, तेच कारण आईनं राहण्यासाठी दिलं होतं. खोली नको म्हणून कळवते, एवढंच ती म्हणाली. साहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. आपल्याला काही येत नाही, हे ऐकून इतकं बरं वाटेल असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातली दुकानं उघडायच्या आत ते पेपरवालीकडे जाऊन उभे राहिले, आणि अर्ज दिला तो तीन वर्षांचा.