दुसऱ्यांदा घेतलेलं नाव

माझा मित्र गेला. नंतर अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्याच्या घरी आम्ही सगळे जमलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "शेवटी त्यांनी रामाचं नाव घेतलं." बसलेल्यांनी समाधानानं माना डोलावल्या. मला मात्र ते खरं वाटेना.

नागपूरच्या कॉलेजपासूनची आमची मैत्री. इथे गणपतीत मंडळाचं पार्किंग सांभाळायला हा सगळ्यांच्या पुढे, पण आत आरती सुरू झाली की बाहेरच उभा. "ज्याला मी मानत नाही त्याच्यापुढे टाळ्या कशाला वाजवू?" म्हणायचा. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये मी जवळजवळ रोज जात होतो. तो क्रिकेटबद्दल विचारायचा, मुलीच्या ॲडमिशनबद्दल बोलायचा. राम कुठेच नव्हता. मग हा एकाएकी आला कुठून?

त्याच सुमारास लायब्ररीत एक वर्ग सुरू झाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका कवीचा मित्र अकाली गेला आणि त्याच्यावर तो वर्षानुवर्षं कविता लिहीत राहिला, ती कविता वाचायची होती. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, कवितेशी संबंध शाळेपुरता. तरी नाव नोंदवलं.

सुरुवातीचा भाग मला पटला. कवी देवावर चिडत होता, जाब विचारत होता. पुढे मात्र सूर मवाळ होत गेला आणि शेवटी तर श्रद्धाच परतली. मी वर्गात बोलून टाकलं, "हा माणूस खोटं बोलतोय. लोकांना बरं वाटावं म्हणून शेवट गोड केलाय."

शिकवणाऱ्या बाई वयस्क होत्या. त्या चिडल्या नाहीत. "कुठल्या ओळीपासून तो खोटा वाटायला लागतो, ते दाखवा," म्हणाल्या.

मी पानं उलटत बसलो. सगळा वर्ग थांबला होता. तशी ओळ मला सापडली नाही, पण संशयही गेला नाही. त्या रविवारी दुपारी मी सरळ वहिनींकडे गेलो.

"वहिनी, राग मानू नका. तो खरंच तसं म्हणाला?"

"मी खोटं बोलले असं वाटतंय ना तुम्हाला?"

उत्तराची वाट न बघता त्याच बोलू लागल्या.

"आईंचा नागपूरहून रोज व्हिडिओ कॉल यायचा. रोज म्हणायच्या, एकदा राम म्हण रे बाळा. हे हसून विषय बदलायचे. त्या दिवशी सकाळी फोन मी धरला होता. आई काही बोलल्याच नाहीत, नुसत्या बघत होत्या. आणि हे आपणहून म्हणाले, राम. मग परत एकदा, राम."

"म्हणजे आईंसाठी म्हणाला," मी म्हणालो. मला एकदम हलकं वाटलं.

"तेच कळत नाही ना, भाऊजी. पहिल्यांदा म्हणाले ते आईंकडे बघून. दुसऱ्यांदा डोळे मिटलेले होते. लोकांपुढे मी ठामपणे बोलले, कारण तिकडे फोनवर आई ऐकत होत्या. पण माझीच खात्री नाही. तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता. दुसऱ्यांदा कोणासाठी म्हणाले असतील?"

'आईंसाठीच' हा शब्द माझ्या ओठांवर होता. मला तोच मित्र हवा होता, आरतीच्या वेळी बाहेर उभा राहणारा. पण त्या खोलीत त्या क्षणी मी नव्हतो. वहिनी होत्या, आणि त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही, वहिनी."

त्या रडायला लागल्या. तो गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला संशय आला होता. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि दोघांसाठी चहा ठेवला.